‘हो’चा अर्थ आणि दहा तासांचे अंतर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. परदेशातील ग्राहकाचे सॉफ्टवेअर नाशिकमध्ये बसून तयार करताना बोलण्याचालण्यात, लिहिण्यात आणि वेळा जुळवण्यात ज्या अडचणी येतात, त्यांविषयी ही पत्रे आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत. उत्तरे देणाऱ्याने अशीच कामे वीस वर्षे केली आहेत, आधी पुण्यात आणि नंतर नाशिकमध्ये, त्यामुळे उत्तरांत थोडा स्वतःच्या चुकांचा हिशेबही आला आहे.

प्रश्न : मी १४ जणांच्या एका कंपनीत टीम लीड आहे. जर्मनीतील एका ग्राहकासाठी आम्ही गोदामातील मालाची नोंद ठेवणारी प्रणाली तयार करत आहोत. दर मंगळवारी कॉल होतो, ग्राहकाची माणसे एकेक मुद्दा समजावून सांगतात, आम्ही सगळे ‘येस’ म्हणतो, आणि दोन आठवड्यांनी डेमो दाखवला की ‘आम्ही असे सांगितलेच नव्हते’ हे वाक्य ऐकावे लागते. मागच्या वेळी तर ‘तुम्ही होकार दिला होता’ असे त्यांनी टिपणातील तारीख दाखवून सांगितले. आमचे इंग्रजी कमी पडते का? — टीम लीड, गंगापूर रोड

उत्तर : इंग्रजी कमी पडत असते तर ते कॉलमध्येच लक्षात आले असते. आपल्या पत्रात संशय घ्यावा असा शब्द एकच आहे, आणि तो आहे ‘येस’. मराठीत कुणी काही सांगत असले की आपण मधूनमधून ‘हो’, ‘हं’, ‘बरं’ म्हणत राहतो. त्या हुंकाराचा अर्थ ‘ऐकतो आहे, पुढे बोला’ एवढाच असतो, आणि तो दिला नाही तर फोनवरचा माणूस थांबून ‘ऐकताय ना?’ असे विचारतो. हाच हुंकार इंग्रजीत ‘येस’ होऊन बाहेर पडला की पलीकडे बसलेला माणूस तो ‘मान्य’ म्हणून लिहून घेतो. त्याने टिपणातील तारीख दाखवली यात त्याचा दुष्टपणा नाही. आपण ऐकल्याची पावती दिली आणि त्याने ती करारावरील सही समजली.

मात्र ‘येस’ म्हणणे बंद केल्याने प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. खरी अडचण पुढची आहे. आपण पत्रासोबत पाठवलेले उदाहरणच घेऊ. ग्राहकाने सांगितले की ऑर्डर रद्द झाली की तिच्यासाठी राखून ठेवलेला माल मोकळा करावा. आपल्या टीमने तसेच केले, रद्द म्हणताच माल मोकळा, आणि डेमोमध्ये ग्राहक संतापला, कारण त्याच्या गोदामात तोपर्यंत काही नग मांडणीवरून काढून पॅकिंगच्या टेबलावर गेलेले असतात; ते परत जागेवर ठेवल्याशिवाय दुसऱ्या ऑर्डरला देता येत नाहीत. हे त्याने सांगितले नाही, कारण गोदामात काम करणाऱ्याला ते सांगण्यासारखे वाटतच नाही. आपण विचारले नाही, कारण वाक्य पूर्ण वाटले. दोन्ही बाजूंनी वाक्यातील रिकामी जागा आपापल्या माहितीने भरली आणि दोघांनाही ती रिकामी होती याचा पत्ता नव्हता.

त्यावर माझ्या अनुभवात टिकलेला उपाय असा आहे. कॉल संपल्यावर तासाभरात ग्राहकाला एक टिपण पाठवावे, पण त्यात त्याचेच वाक्य दुसऱ्या शब्दांत लिहू नये, कारण त्याच्या वाक्यातील रिकामी जागा आपल्या वाक्यातही तशीच राहते. टिपणात आकडे घातलेले उदाहरण लिहावे: ‘ऑर्डर १० नगांची आहे, ६ नग उचलून टेबलावर गेले आहेत, ४ जागेवर आहेत, आणि ऑर्डर रद्द झाली, ४ नग लगेच मोकळे होतील, पण ६ नग केव्हा आणि कुणाच्या नोंदीनंतर?’ असे लिहायला बसले की प्रश्न लिहिणाऱ्याच्याच डोक्यात उभा राहतो, आणि बहुतेक वेळा तो कॉलमध्ये सुचलेला नसतो. टिपण दर वेळी टीम लीडनेच लिहावे असेही नाही. तो भाग जो माणूस प्रत्यक्ष तयार करणार आहे त्यानेच ते लिहावे, म्हणजे त्याला काय कळले आणि काय नाही हे आपल्यालाही ग्राहकाच्या आधी कळते.

यात स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मनीतील एका ग्राहकाने सुट्या भागांच्या किमतींची फाइल पाठवली होती. एका भागापुढे १.२५० युरो असे लिहिलेले होते. जर्मन लिखाणात हजारांच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात, म्हणजे ती किंमत साडेबाराशे युरो होती. आम्ही ती सव्वा युरो वाचली. सव्वा युरोचा सुटा भाग आमच्यापैकी कुणालाही खटकला नाही, आणि खटकला नाही म्हणूनच कुणी विचारले नाही. अडखळायला लावणारी अडचण माणूस विचारतो, वाटेत सपाट दिसणारी विचारत नाही, आणि नुकसान बहुतेक दुसऱ्या प्रकारचीच करते. तेव्हापासून नवीन ग्राहकाकडून येणाऱ्या पहिल्याच फाइलमधील तारखा, आकडे, चलन आणि मापे यांचा अर्थ आम्ही उदाहरणासह लेखी विचारून घेतो, आणि ‘एवढे साधे कसे विचारता’ असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

हे टिपण लिहिण्यात वेळ जातो, ही आपली पुढची तक्रार असेल. वेळ जातोच. जेम्स हर्बस्लेब आणि ऑड्रिस मॉकस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच ठिकाणी झालेल्या कामाच्या तुलनेत निरनिराळ्या ठिकाणी विभागलेल्या तशाच कामाला सुमारे अडीच पट वेळ लागल्याचे आढळले होते. हा वेळ टाळता येत नाही, तो कुठे खर्च करायचा एवढेच आपल्या हातात असते, आणि मंगळवारी संध्याकाळी टिपणावर अर्धा तास खर्च करणे दोन आठवड्यांचे काम पुन्हा करण्यापेक्षा मला नेहमीच स्वस्त पडले आहे.

प्रश्न : आमचा ग्राहक अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. रोज रात्रीचा कॉल, त्याआधी जेवण नाही, नंतर झोप नाही. माझे वडील सातपूरच्या कारखान्यात पाळीने काम करत असत. ते हसून म्हणतात की संगणक शिकूनही तुझी तिसरी पाळी काही चुकली नाही. शिवाय मार्चमध्ये कॉलची वेळ अचानक बदलते आणि दरवर्षी कुणीतरी एक तास आधी किंवा नंतर येते. काही सोय करता येईल का? — डेव्हलपर, इंदिरानगर

उत्तर : आधी मार्चचे पाहू, कारण ते सोपे आहे. भारतात घड्याळ वर्षभर तेच राहते. अमेरिकेत ते मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. त्यामुळे न्यूयॉर्क आणि नाशिक यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचे आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते. युरोपात हाच बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो, म्हणून दोन्हीकडचे ग्राहक असणाऱ्यांचे मार्चमधील दोन-तीन आठवडे विशेष गोंधळाचे जातात. कॉलची वेळ ठरवताना ती कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधली आहे हे लिहून टाकावे. ‘न्यूयॉर्कची सकाळी साडेनऊ’ असे ठरले असेल तर आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतील, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातच टीमला त्याची आठवण करून देण्याचे काम एका माणसाकडे सोपवावे.

रोजच्या कॉलचे उत्तर तितके सोपे नाही, पण ते वडिलांकडेच आहे. कारखान्यात पाळी बदलताना जाणारा सुपरवायझर येणाऱ्याला तासभर भाषण देत नाही. तो रजिस्टर पुढे करतो. कोणते मशीन बंद आहे, कोणता जॉब अर्धा चढवून ठेवला आहे, कोणता माल तपासणीसाठी थांबला आहे, एवढे त्यात असते आणि तेवढ्यावर दुसरी पाळी सुरू होते. आपण संध्याकाळी निघताना तशीच नोंद ग्राहकासाठी लिहून ठेवली, आणि ग्राहकानेही त्याचा दिवस संपताना आपल्यासाठी लिहिली, तर रोजचा कॉल आठवड्यातून दोनदा घेऊनही भागते. सुरुवातीला ग्राहक याला तयार होत नाही, कारण त्याला वाटते की आपण टाळत आहोत. म्हणून आधी महिनाभर दोन्ही गोष्टी चालू ठेवाव्यात आणि कॉलमध्ये सांगण्यासारखे काही उरत नाही हे त्याच्याच लक्षात येऊ द्यावे.

त्या नोंदीत प्रश्न कसा लिहिला जातो यावर सगळे अवलंबून आहे. हिवाळ्यात सकाळी अकरा वाजता विचारलेला प्रश्न न्यूयॉर्कला मध्यरात्री साडेबाराला पोहोचतो. तिकडे सकाळी नऊला कुणी उत्तर दिले तर इथे साडेसात वाजलेले असतात, आपण घरी गेलेले असता, आणि ते उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी वाचता. म्हणजे एका प्रश्नाची किंमत एक दिवस. उत्तरात ‘तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे?’ असे आले तर दोन दिवस, आणि शुक्रवार असेल तर सोमवार उजाडला. म्हणून नुसता प्रश्न कधीच पाठवू नये. प्रश्न, आपल्या मते त्याचे संभाव्य उत्तर, आणि उत्तर न आल्यास आपण काय करणार आहोत व नंतर बदलावे लागले तर किती वेळ लागेल, हे सगळे एकत्र लिहावे: ‘जुन्या ग्राहकांची माहितीही नव्या पद्धतीने दाखवायची का? आम्हाला वाटते दाखवायची. उद्या सकाळपर्यंत निरोप नसेल तर तसेच करू, नंतर बदलायचे झाल्यास अर्धा दिवस लागेल.’ अशा प्रश्नाला ग्राहक एका शब्दात उत्तर देऊ शकतो, आणि त्याने उत्तर दिले नाही तरी आपला दिवस वाया जात नाही.

एक गोष्ट मात्र मॅनेजरशी स्पष्ट बोलून घ्यावी. रात्रीचा कॉल कायम इथल्याच टीमने का घ्यायचा, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. आठवड्यातून एक कॉल ग्राहकाच्या भल्या पहाटे ठेवा असे आम्ही एकदा सुचवले होते. त्यानंतर बाकीच्या कॉलचे विषयही आपोआप आटोपशीर झाले.

प्रश्न : माझे शिक्षण सिन्नर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले. कोड लिहिताना अडत नाही, पण ग्राहकाला ईमेल लिहायचा म्हटले की अर्धा तास जातो. इंग्रजी सुधारण्यासाठी क्लास लावावा का? — नवा डेव्हलपर, सिडको

उत्तर : आवड असेल तर लावा, पण कामासाठी त्याची वाट पाहू नका. वाक्ये लहान लिहा, एका ईमेलमध्ये एकच विषय ठेवा, आणि जिथे शक्य आहे तिथे वाक्याऐवजी स्क्रीनचे चित्र पाठवा. भाषेतील चुका परदेशी माणूस सहज माफ करतो. घोटाळा करतात ते आपल्याकडे सर्रास चालणारे आणि तिकडे भलताच अर्थ होणारे शब्द. शाळेत बाईंना ‘डाउट’ विचारायची आपली सवय असते. ‘आय हॅव अ डाउट’ असे अमेरिकन माणसाला लिहिले तर तुम्हाला शंका विचारायची नसून त्याच्या म्हणण्याचाच संशय आहे असे त्याला वाटते. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणे) हा शब्द त्याच्या कानावरही आलेला नसतो. ‘डू द नीडफुल’ (‘आवश्यक ते करा’) वाचून नेमके काय करायचे ते त्याला कळत नाही, आणि खरे म्हणजे ते लिहिणाऱ्यालाही कळलेले नसते. ‘आय विल रिव्हर्ट’ हा तर आमच्या धंद्यातला सगळ्यांत धोकादायक शब्द आहे, कारण गिट, म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली, वापरणाऱ्याच्या भाषेत रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणे. मी उत्तर देतो असे तुम्हाला म्हणायचे असते आणि कालचे काम उलटवले जाणार असे तो समजतो. ‘उद्या कळवतो’ याऐवजी वार आणि तारीख लिहिण्याची सवयही आजपासूनच लावून घ्या. तुमचा उद्या आणि त्याचा उद्या एकाच वेळी सुरू होत नाही.

प्रश्न : माझी अंबडला छोटी कंपनी आहे. ग्राहकाशी सगळे बोलणे एकाच समन्वयकामार्फत व्हावे असा नियम मी केला आहे. त्यामुळे शिस्त आली, पण कामे मंदावली आहेत. नियम चुकला का? — कंपनीचालक, अंबड

उत्तर : नियमामागचा विचार चुकीचा नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या संगणक कार्यप्रणालीच्या प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ साली हे गणित मांडले होते की माणसे वाढतात त्यापेक्षा त्यांच्यातील बोलण्याच्या वाटा कितीतरी वेगाने वाढतात. आपले १४ जण असतील तर आपापसांतल्या जोड्याच ९१ होतात. ग्राहकाचे ६ जण मिळवले की १९०. इतक्या वाटा मोकळ्या सोडल्या तर कुणी कुणाला काय कबूल केले याचा पत्ता लागणार नाही.

परंतु एकाच माणसाच्या तोंडून सगळे गेले की कानगोष्टींचा खेळ सुरू होतो, आणि तो माणूस रजेवर गेला की खेळही थांबतो. निर्णय आणि खुलासा यांच्यात फरक करावा असे मी सुचवेन. काय करायचे, किती पैशांत, कोणत्या तारखेला, हे समन्वयकानेच ठरवावे आणि लिहावे. फॉर्ममधील एखादा रकाना रिकामा चालेल का, एरर आली तर कोणता मजकूर दाखवायचा, असे खुलासे डेव्हलपरने ग्राहकाच्या डेव्हलपरला थेट विचारावेत, फक्त ते त्या कामाच्या टिकिटावर, म्हणजे सर्वांना दिसणाऱ्या ऑनलाइन नोंदीवर, विचारावेत, खासगी चॅटमध्ये नव्हे, म्हणजे समन्वयकाला ते दिसत राहतात. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली असे निरीक्षण नोंदवले होते की एखादी संस्था जी प्रणाली घडवते तिची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते. आपल्या कंपनीत दोन भागांवर काम करणारी माणसे एकमेकांशी बोलतच नसतील तर ते दोन भागही सांध्यावर अडतील. मंदावलेली कामे नेमकी तिथलीच आहेत का ते पाहावे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. ठरावीक रकमेच्या करारात प्रत्येक प्रश्न हा भांडणाचा दरवाजा असतो. डेव्हलपरने विचारले की ग्राहकाला वाटते हे जादा पैसे मागणार, आणि ग्राहकाने काही सांगितले की आपल्याला वाटते हा फुकटात काम वाढवणार. मग दोघेही गप्प बसणे पसंत करतात. कोटेशन देतानाच त्यात टिपणे, डेमो आणि प्रश्नोत्तरे यांचे तास वेगळे दाखवावेत आणि ते घासाघीस करताना कापू देऊ नयेत. आपल्याकडे सर्वांत आधी तेच कापले जातात.

प्रश्न : आमच्या साप्ताहिक अहवालात गेले दीड महिना आमचा प्रकल्प ‘हिरवा’, म्हणजे वेळेवर, आहे. प्रत्यक्षात एक भाग तीन आठवडे मागे पडला आहे. ‘भरून काढू, आत्ताच कशाला सांगायचे’ असे वरिष्ठ म्हणतात. मी काय करावे? — प्रकल्प समन्वयक, कॉलेज रोड

उत्तर : तीन आठवडे दीड महिन्यात भरून निघाले नाहीत, ते पुढेही निघणार नाहीत, असे धरूनच चालावे. ग्राहक समोर असता तर त्याला टीमचे चेहरे आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे पाहून एव्हाना कळले असते. हजारो मैलांवरच्या माणसाला फक्त अहवालातला रंग दिसतो.

१९९९ साली नासाचे मंगळाकडे निघालेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान नष्ट झाले, त्याची हकिकत सांगण्यासारखी आहे. एका सॉफ्टवेअरने थ्रस्टरच्या, म्हणजे यान सावरणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांच्या मापात दिले आणि ते वापरणाऱ्या दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंदांच्या मापात धरले, एवढे बहुतेकांना माहीत असते. मात्र चौकशी अहवालात आणखीही आहे. यानाचा मार्ग सांभाळणाऱ्यांना आकडे जुळत नाहीत हे काही प्रमाणात जाणवले होते. पण त्यांनी ते ईमेलमधून एकमेकांना कळवले, अडचणी नोंदवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने त्याची नोंद झाली नाही, आणि म्हणून त्याचा पाठपुरावा करणे हे कुणाचेच काम ठरले नाही. आपल्या वरिष्ठांना आपण कॅन्टीनमध्ये तोंडी सांगितले असेल तर तेही त्या ईमेलसारखेच आहे.

वरिष्ठांना लेखी कळवावे, आणि सोबत ग्राहकाला पाठवायच्या पत्राचा मसुदा तयार करून द्यावा, कारण पुष्कळदा माणसे वाईट बातमी लपवत नसतात, ती लिहायची कशी हे त्यांना सुचत नसते. मसुद्यात माफी एका ओळीपेक्षा जास्त नसावी. कोणता भाग मागे आहे, नवी तारीख कोणती, आणि जुनीच तारीख हवी असेल तर कोणत्या दोन गोष्टी पुढच्या टप्प्यावर ढकलाव्या लागतील, हे लिहावे. ‘९० टक्के झाले आहे’ हे वाक्य त्यात अजिबात नको. आठ स्क्रीनपैकी पाच तपासून पूर्ण, दोन तपासणीत, एक सुरूच झालेला नाही, असे लिहावे. हे पत्र वाचून ग्राहक चिडेल. डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी कळल्यावर तो जितका चिडेल, तितका नाही. वरिष्ठांनी तरीही पत्र अडवले तर पुढच्या अहवालात आपल्या भागापुढचा रंग आपण स्वतः पिवळा करावा. तेवढा अधिकार समन्वयकाला बहुतेक ठिकाणी असतो.

जाता जाता, याच पत्राच्या शेवटी आपण २०२७ च्या सिंहस्थाविषयी विचारले आहे. पर्वणीच्या दिवसांत शहरातील बरेच रस्ते वाहनांना बंद राहतात आणि पंचवटी, द्वारका या बाजूंनी येणाऱ्यांना ऑफिस गाठणे कठीण जाते, हे २०१५ साली आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या तारखांच्या आसपास डिलिव्हरी किंवा मोठा बदल ठेवू नये, कोण कोण घरून काम करणार हे आधी ठरवून घ्यावे, आणि ग्राहकाला निदान तीन महिने आधी कळवावे. नुसते ‘स्थानिक सण’ असे लिहू नये. परदेशी माणूस त्यावरून एका दिवसाची सुट्टी समजतो. दर बारा वर्षांनी भरणारा मेळा, गोदावरीकाठी लोटणारी लाखोंची गर्दी आणि बंद रस्त्यांचा नकाशा, असे दोन-तीन ओळींत पाठवावे. माझ्या तेव्हाच्या ग्राहकाने ते वाचून रामकुंडाची छायाचित्रे मागवली होती, आणि पुढचे दोन आठवडे कॉलची पहिली पाच मिनिटे त्यातच जात असत.